वनस्पतिसंग्रह, शिवाजी विद्यापीठ
कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या (स्थापना १९६२) वनस्पतिशास्त्र विभागातील वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह. आंतरराष्ट्रीय संकेताक्षरे : एसयूके. जाड कागदावर दाबून वाळवलेली वनस्पती आणि कोपऱ्यात चिठ्ठी, असे नमुन्याचे स्वरूप असते. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, संग्राहकाचे नाव आणि फुलाचा रंग लिहितात. रंगाची नोंद फार मोलाची. वाळल्यावर तो उडून जातो. एस. आर. यादव व एम. एम. सरदेसाई यांच्या ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ (२००२) या ग्रंथामागे असेच नमुने आहेत. सह्याद्रीतील दुर्मीळ कंदीलपुष्पांच्या अभ्यासातही विभागाचे काम मोठे आहे. विद्यार्थी आणि संशोधक ओळख न पटलेली वनस्पती अशा नमुन्यांशी ताडून पाहतात. औषधी वनस्पतींच्या बाबतीत ही खातरजमा अत्यावश्यकच. एखादे पठार खाणीखाली गेले, तरी तिथे काय उगवत होते याचा पुरावा या कागदांवर उरतो.