३.६ हा आकडा आला कुठून?

ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करताना ३.६ ने भागावे लागते. शाळेत हेच ५/१८ ने गुणून करतात. दशमान पद्धतीत हा अडनिडा आकडा शिरला तो लांबीमुळे नव्हे, वेळेमुळे. किलोमीटरचे मीटर १,०००, पण तासाचे सेकंद ३,६००. आणि साठाचा हा हिशेब बॅबिलोनी लोकांचा वारसा.

क्रांतिकाळातील फ्रान्सने तोही मोडून पाहिला. १७९३ मध्ये दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटे आणि मिनिटाचे १०० सेकंद ठरवण्यात आले. त्या घड्याळात सेकंदाला १ मीटर म्हणजे ताशी नेमके १० किलोमीटर झाले असते, नुसते एक शून्य वाढवायचे! पण चालू घड्याळे टाकून द्यायला कोण तयार होणार? गंमत अशी, की ७ एप्रिल १७९५ च्या ज्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम ही नावे पक्की केली, त्याच कायद्याने दशमान वेळेची सक्ती स्थगित केली.

भारतात १९५६ च्या वजनमाप कायद्यानंतर मैल हळूहळू मागे पडले. तास मात्र साठ मिनिटांचाच राहिला. ताशी ९० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, हे अजूनही भागाकार करूनच काढावे लागते.