हाडांची आग

‘बॉनफायर’ म्हटलं की थंडीतली शेकोटी, गाणी आणि गप्पा आठवतात. सॅम्युअल जॉन्सनलाही या शब्दात आनंदच दिसला. १७५५ च्या आपल्या कोशात त्याने फ्रेंच ‘बॉं’ म्हणजे चांगला आणि इंग्रजी ‘फायर’ अशी त्याची फोड केली. व्युत्पत्ती दिसायला देखणी, पण साफ चुकीची.

या आगीत हाडं जळत होती.

१४८३ च्या ‘कॅथॉलिकॉन अँग्लिकम’ या इंग्रजी-लॅटिन शब्दकोशात ‘बेनफायर’ असा शब्द आहे आणि त्यापुढे लॅटिनमध्ये अर्थ दिलाय, हाडांचा अग्नी. ‘बेन’ हे ‘बोन’चं उत्तरेकडच्या बोलीतलं रूप. त्याआधी, १४ व्या शतकाच्या अखेरीस, श्रॉपशरमधल्या लिलेशल मठातल्या जॉन मर्कने आपल्या प्रवचनांत जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाचं वर्णन केलं आहे. सणाच्या आदल्या रात्री तीन तऱ्हेच्या आगी पेटत. एक निव्वळ हाडांची, दुसरी निव्वळ लाकडांची, तिसरी दोन्हींची. हाडंच का? तर उन्हाळ्यात आकाशात उडणारे ड्रॅगन पाणी नासवतात आणि जळत्या हाडांच्या दुर्गंधीपुढे ते टिकत नाहीत, अशी समजूत होती.

स्कॉटलंडमधल्या हॉइक गावात तर १८०० च्या सुमारापर्यंत लोक या आगीसाठी जुनी हाडं नेमाने गोळा करून साठवत. ऑक्सफर्डच्या महाकोशात ही प्रथा आवर्जून नोंदली गेली. त्याचा संपादक जेम्स मरे जवळच्याच डेनम गावचा, आणि हॉइकमध्ये शिक्षकी केलेला. जॉन्सनच्या विद्वत्तेपेक्षा या गावकऱ्यांची आठवण जास्त खरी होती, हे मान्य करायलाच हवं.

शब्दाचा प्रवास पुढेही काही सौम्य झाला नाही. तो चितेसाठी वापरला गेला. पाखंडी ठरवलेली माणसं आणि ग्रंथ जाळणाऱ्या आगीलाही लोक तेच म्हणत. त्याच्याच जोडीला विजयोत्सवाची आग हा अर्थ रुळत गेला. १६०५ मध्ये इंग्लंडची संसद उडवण्याचा गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांचा कट फसल्यावर ५ नोव्हेंबरच्या रात्री आगी पेटवायचा रिवाज पडला, तो आजही चालू आहे. आता ब्रिटनमध्ये परसातला पालापाचोळा जाळला तरी ती बॉनफायरच.

मुंबईत ३१ जुलै १९२१ रोजी परळला गांधीजींनी परदेशी कापडाचा ढीग पेटवला. इंग्रजीत त्या आगीलाही बॉनफायर म्हणतात, मराठीत मात्र ती होळीच ठरली.