मुक्या जनावरांची साक्ष

किनवट तालुक्यांतील इस्लापूर हें गांव सहस्रकुंडाच्या धबधब्यामुळें प्रवाशांना ठाऊक आहे. पैनगंगा ओलांडली कीं यवतमाळ जिल्हा लागतो. ह्या डोंगराळ मुलुखांतील शेतकऱ्याला जनावराची चाल वाचतां येते. पावसानें ओढ दिली, कोवळी ज्वारी खुरटली आणि सुटलेला बैल तींत शिरला, तर थोड्याच वेळांत तो धापा टाकतो, थरथरतो, झोकांड्या खातो आणि कोसळतो. विष बाधलें, हें धन्याला पाहतांक्षणींच उमजतें. ह्या विषाचें मूळ असलेला धुरीन नांवाचा पदार्थ डन्स्टन व हेन्री ह्या रसायनशास्त्रज्ञांनीं १९०२ सालीं शोधला. परंतु अंगावरील खुणांवरून विष ओळखण्याची दृष्टि त्याहून पुष्कळ जुनी. विसाव्या शतकांत ह्याच दृष्टीचें शास्त्र झालें.

लाखेच्या डाळीची कथा ह्या संबंधांत मोठी बोधप्रद आहे. भंडारा-चांद्याकडे भातामागून जमिनीच्या ओलीवर येणारें हें कडधान्य अवर्षणांतहि तग धरतें. म्हणून हलाखीच्या काळीं गरिबांना त्याचाच आधार. १८२९ पासून सागर प्रांतांत गव्हाचीं पिकें बुडालीं, लोक लाखेवर राहूं लागले, आणि १८३३ च्या सुमारास तरुण माणसांचे पाय निकामी होऊं लागले, असें कर्नल स्लीमन ह्यांनीं नोंदून ठेवलें आहे. तथापि दोष डाळीचा, कीं तींत मिसळणाऱ्या तणाच्या बियांचा, हा वाद पुढें दीर्घकाळ चालला. कारण प्रयोगशाळेंतील प्रौढ जनावरें तीच डाळ खाऊन बहुधा धडधाकट राहत.

इस्लापूरचा मुलुख १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यांत मोडत असे, त्याच्या जुन्या राजधानींत ह्या कोड्याचा धागा सांपडला. १९६३ सालीं तेथील पोषण संशोधन प्रयोगशाळेंत रॉय, नागराजन व गोपालन ह्यांनीं लाखेचा अर्क कोंबडीच्या कोवळ्या पिलांना टोचला. पिलांच्या माना मागें ओढल्या गेल्या व तीं उभीं राहूं शकेनात. कोवळ्या जीवाच्या मेंदूला रक्तांतील विषापासून पुरतें संरक्षण नसतें. प्रौढ जनावरानें लपविलेली गोष्ट पिलानें सांगितली. पुढल्याच वर्षीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत राव, आदिगा व सर्मा ह्यांनीं तें विषारी द्रव्य वेगळें केलें. १९६७ सालीं तेंच पाठीच्या कण्यांतील द्रवांत सोडल्यावर प्रौढ माकडांचेहि मागले पाय अधू झाले.

म्हणजे साक्षीदार योग्य हवा. १९३० सालीं अमेरिकेंत भेसळीच्या आल्याच्या अर्कानें हजारों लोक लंगडे झाले, तेव्हां तसाच लंगडेपणा कोंबडींत आढळला. आजहि कांहीं कीटकनाशकांच्या परीक्षेस कोंबडीच वापरतात. परंतु साक्ष ऐकणाराहि प्रामाणिक हवा. जपानांतील मिनामाटा येथें मांजरें वेड्यासारखीं नाचत मरूं लागलीं होतीं. १९५९ सालीं कारखान्याच्याच रुग्णालयांतील डॉ. होसोकावा ह्यांनीं कारखान्याचें सांडपाणी अन्नांतून एका मांजरास दिलें. त्यालाहि झटके आले. तो निष्कर्ष दाबून ठेवण्यांत आला, आणि पाऱ्याचें विष १९६८ पर्यंत समुद्रांत जात राहिलें.

त्याच १९६८ सालीं अर्विन ह्यांनीं उंदरांच्या निरीक्षणाची क्रमवार पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यांतून वाढलेल्या आजच्या परीक्षेंत जनावर पिंजऱ्यांत, हातांत आणि मोकळ्या जागेंत पाहतात. चाल, पंजाची पकड, डोळ्यांची बाहुली, आवाजाला दचकणें, उलथें टाकल्यास सरळ होणें, हें सारें नोंदतात. कोणास विष दिलें हें निरीक्षकाला सांगत नाहींत, म्हणजे मनाचा ग्रह नोंदींत उतरत नाहीं.

पैनगंगेपलीकडील यवतमाळांत २०१७ सालीं कपाशीवर औषध फवारतांना वीसाहून अधिक माणसें दगावलीं आणि शेंकडों आजारी पडलीं. बाटलीवरील इशारा अशाच मुक्या जीवांच्या साक्षीवर लिहिलेला असतो. तो वाचून, समजून शेतावर पाळला गेला, तरच ती साक्ष सार्थकीं लागते.