काजळी, जुना प्रिंटर आणि काळा-पांढरा फोटो

रंगीत फोटो झकास छापणारा इंकजेट प्रिंटर काळा-पांढरा फोटो छापायला घेतला की गडबडतो. तुम्हीही हे पाहिलं असेल. आजोबांचा जुना फोटो स्कॅन केला, प्रिंट मारली, तर फेटा किंचित हिरवा आणि गाल किंचित जांभळे! खरं तर एकच रंग छापायचाय, यात अवघड काय? पण हे काम नीट जमायला १९९० नंतरची चांगली पंधरा वर्षं गेली. आणि त्यातला मोठा वाटा होता दुसऱ्याच्या प्रिंटरमध्ये स्वतःची शाई ओतणाऱ्या खटपट्या लोकांचा. आजचा लेख त्यांच्याबद्दल.

आधी अडचण समजून घेऊ. इंकजेटला करडा रंग माहीत नसतो. कागदावर थेंब टाकायचा किंवा नाही टाकायचा, एवढंच त्याला कळतं. मग करडा आणायचे दोन मार्ग. पहिला, नुसत्या काळ्या शाईचे थेंब विरळ टाकायचे. गडद भाग छान येतो, पण गाल, कपाळ, आकाश असा उजळ भाग रवाळ दिसतो. दुसरा मार्ग म्हणजे निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून करडा बनवायचा. हा गुळगुळीत येतो, पण तिघांचं प्रमाण जरा हललं की रंगाची झाक मारतो. शिवाय तिन्ही शाया वेगवेगळ्या वेगाने फिक्या होतात, म्हणजे आज बरा दिसणारा फोटो काही वर्षांनी भलत्याच रंगाचा होऊ शकतो.

या गोष्टीची सुरुवात एका गायकापासून होते. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या बँडमधला ग्रॅहम नॅश फोटोही काढायचा. त्याला आपले काळे-पांढरे फोटो मोठ्या आकारात छापायचे होते, पण मूळ निगेटिव्ह हरवल्या होत्या. त्याने आयरिस ३०४७ नावाचं यंत्र घेतलं. किंमत सव्वा लाख डॉलरच्या आसपास! हे यंत्र होतं छापखान्यांसाठी, छपाईआधी रंगीत नमुना बघायला. नॅश आणि त्याचा साथीदार मॅक होल्बर्ट यांनी जाड कागद आत जावा म्हणून त्यात फेरफार केले आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात नॅश एडिशन्स सुरू केलं. छपाई सुंदर होती, पण आयरिसची मूळ शाई उजेडात लवकर उडायची. ते यंत्र २००५ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं गेलं.

मग घरगुती प्रिंटरचा जमाना आला. २००० साली एप्सनचे स्टायलस फोटो ८७० आणि १२७० खूप गाजले, आणि काही घरांत त्यांचे फोटो थोड्याच आठवड्यांत नारिंगी पडले. हवेतला ओझोन विरघळणाऱ्या रंगाची शाई खात होता. त्याच वर्षीच्या २०००पी या मॉडेलमध्ये रंगद्रव्याची, म्हणजे बारीक कणांची शाई होती. ती टिकाऊ होती, पण तिचे काळे-पांढरे फोटो दिव्याखाली ठीक आणि उन्हात हिरवट!

याच सुमारास व्हरमाँटमधल्या जॉन कोन या छपाईवाल्याने सरळ विचार केला. यंत्र चांगलं आहे ना? मग यंत्र ठेवू, शाई बदलू. २००० साली त्याची पिएझोग्राफी बाजारात आली. एप्सनच्या रंगीत शाया काढायच्या आणि त्यांच्या जागी एकाच काळ्या शाईच्या चार छटा भरायच्या, घट्ट ते पातळ. उजळ भागात पातळ शाईचे भरपूर थेंब पडतात, म्हणून रवाळपणा गेला. रंगीत शाई आतच नाही, म्हणून झाकही गेली.

एप्सनमध्येच हे जमायचं एक कारण होतं. काही कंपन्यांच्या प्रिंटरमध्ये शाई तापवून तिच्या वाफेने थेंब उडवतात. एप्सनच्या पिएझो हेडमध्ये विजेने वाकणारा स्फटिक थेंब ढकलतो. शाई उकळावी लागत नाही, त्यामुळे निराळी शाई चालवायला जास्त मोकळीक मिळते. राहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा. ड्रायव्हरला वाटतं निळ्याच्या जागी निळीच शाई आहे. त्यावर रॉय हॅरिंग्टनचं क्वाडटोनरिप आलं. कुठल्या खणात कुठली छटा आहे ते त्याला सांगायचं, बाकी हिशोब ते करतं.

पुढे एप्सनने २००२ च्या अल्ट्राक्रोम शाईत एक फिकी काळी दिली, आणि २००५ च्या के३ मध्ये काळ्याच्या तीन पातळ्या. जे हौशी लोक आधीपासून करत होते, ते आता खोक्यातूनच येऊ लागलं.

कोल्हापूरकराला यात नवल वाटायला नको. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी एका प्रोजेक्टरच्या यंत्रणेवरून कॅमेरा बनवायचा घाट घातला होता. १९१६ मध्ये आनंदराव गेले, पण बाबूरावांनी काम सोडलं नाही. १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. यंत्राने काय करायचं हे विकणाऱ्याने ठरवावं, हे इथे कधीच कुणाला फारसं पटलेलं नाही. उद्यमनगरात एक चक्कर मारा, कळेल.

पण खरी गंमत शाईत आहे. टिकाऊपणाच्या मागे लागलेले लोक शेवटी पोहोचले कार्बनपाशी. पॉल रोआर्कने जुन्या एप्सनसाठी कार्बन शाई पातळ करायच्या कृती सगळ्यांना खुल्या करून दिल्या. कार्बन म्हणजे काय? काजळी! कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर संस्थानची मोडी कागदपत्रं आहेत. बोरूने कागदावर उतरलेली ती शाईही काजळीचीच परंपरा. उजेडाने कार्बनचं काही बिघडत नाही. पाण्याची गोष्ट वेगळी. जुन्या शाईत काजळी डिंकाने धरलेली असते आणि डिंक पाण्यात सुटतो.

आणि पाणी म्हटलं की आपल्याला २०१९ आणि २०२१ आठवतात. पंचगंगा घरात शिरली की अल्बम भिजतात. जुन्या फोटोंचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो. विरघळणाऱ्या शाईची प्रिंट ओघळते. रंगद्रव्याची शाई चांगल्या मॅट कागदावर बरीच तग धरते. घरात आजीचा एकुलता एक फोटो असेल, तर कुठली शाई हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहत नाही.

याची किंमतही सांगायला हवी. रंगद्रव्य तळाशी बसतं, प्रिंटर पडून राहिला तर हेड तुंबतो. वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. एकदा काळ्या छटा भरल्या की त्या प्रिंटरला पुन्हा रंगीत कामाला लावणं कटकटीचं. म्हणून हे करावं ते वॉरंटी संपलेल्या, अडगळीत गेलेल्या प्रिंटरवर. तो भंगारात जाण्यापेक्षा हे बरं.

एवढा खटाटोप जमणार नसेल तर निदान हे करा. जुने फोटो नीट स्कॅन करा, एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा, आणि महत्त्वाचे चार फोटो रंगद्रव्याच्या शाईवर छापून घ्या. मागे फोटोतल्या माणसांची नावं लिहा, सांगणारं कुणीतरी घरात आहे तोवर. आणि लिहायला पेन नको, मऊ पेन्सिल घ्या. तीही कार्बनच.