आतोले आणि फ्रेस्को

ऑफिसात ए/बी टेस्टिंगचा विषय निघाला की आमच्याकडे सगळे खुलतात. अर्ध्या युजर्सना हिरवं बटण, अर्ध्यांना निळं, दोन आठवड्यांत निकाल. मला मात्र हल्ली तो शब्द ऐकला की ग्वाटेमालातली चार खेडी आठवतात. तिथल्या टेस्टचा खरा निकाल हाती यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, आणि आला तो मूळ प्रश्नाचा नव्हताच!

झालं असं. मध्य अमेरिकेतल्या देशांसाठी १९४९ मध्ये ग्वाटेमाला सिटीत पोषणावर संशोधन करणारी एक संस्था निघाली, इन्कॅप. त्या काळच्या पोषणतज्ज्ञांना एकाच गोष्टीने झपाटलं होतं: प्रोटीन. गरीब देशांतल्या मुलांना प्रोटीन कमी पडतं, म्हणून ती खुरटतात, बहुधा बुद्धीनेही मागे राहतात, असा समज. १९६८ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रोटीन-संकटावर अहवालच काढला. इन्कॅपने ठरवलं, की हे एकदा मोजूनच बघू.

सुमारे तीनशे गावं चाळून एल प्रोग्रेसो या कोरड्या भागातली चार निवडली. मका आणि घेवड्यावर जगणारी. दोन मोठी, दोन लहान. प्रत्येक जोडीतल्या एका गावाला मिळालं आतोले, म्हणजे मक्याची गरम पेज म्हणा ना. फक्त ही इन्कॅपच्याच पौष्टिक पिठाची, दूध पावडर आणि साखर घातलेली. एका कपात १६३ कॅलरी आणि साडेअकरा ग्रॅम प्रोटीन. दुसऱ्या गावाला फ्रेस्को, थंडगार सरबत. ५९ कॅलरी, प्रोटीन शून्य. गावातल्या केंद्रावर दिवसातून दोनदा वाटप, कुणीही यावं, हवं तेवढं प्यावं. सात वर्षांखालची मुलं आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका किती पितात ते मात्र मिलिलिटरमध्ये लिहून ठेवायचं. हे १९७७ पर्यंत चाललं!

आता तुम्ही म्हणाल, दोन गावांना नुसतं सरबत पाजणं हा अन्याय नाही का? मलाही ते खटकलं. मोफत औषधोपचार चारही गावांत होते, हे खरं. केंद्रावर येण्याजाण्याने, लोकांत मिसळण्यानेही मुलं तरतरीत होतील, तो परिणाम वेगळा काढायला सरबत लागतं, हेही समजतं. पण कंट्रोल ग्रुपमध्ये बटणं नव्हती, भुकेली पोरं होती. मला याचं समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

गंमत म्हणजे प्रोटीनचा मुद्दा मध्येच ढेपाळला. गरोदर बायकांच्या बाबतीत दिसलं की बाळाचं वजन वाढतं ते जादा कॅलरींनी, मग त्या पेजेतून येवोत की सरबतातून. १९७४ मध्ये मॅकलॅरन नावाच्या डॉक्टरने 'लॅन्सेट'मध्ये या सगळ्या प्रोटीनवेडाला जाहीरपणे फज्जा म्हटलं.

पण वह्या शिल्लक होत्या. कुठलं मूल कुठल्या वयात काय प्यायलं याच्या नोंदी. त्यातून दिसलं की आतोलेच्या गावांतली मुलं तिसऱ्या वर्षी अडीच-तीन सेंटिमीटर उंच होती. सगळा फरक पहिल्या तीन वर्षांतला. तिसऱ्यानंतर कितीही प्यायलं तरी उंचीला उपयोग नाही.

२००२ ते २००४ मध्ये संशोधक त्याच मुलांना शोधत फिरले. तोवर ती २५ ते ४२ वर्षांची झाली होती, बरीच राजधानीत कामाला गेलेली. २,३९२ पैकी १,४२४ जणांची माहिती मिळाली (आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वीचे लॉग सापडत नाहीत!). २००८ मध्ये निकाल छापला गेला: पहिल्या दोन वर्षांत आतोले मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई ६७ सेंटने जास्त, म्हणजे सरासरीच्या ४६ टक्के. तीन वर्षांनंतर ज्यांना ते मिळू लागलं, त्यांना काही नाही.

आपल्याकडे एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची, म्हणजे हा प्रयोग चालू असतानाची. आजही अंगणवाडीत बसून गरम खिचडी खातं ते तीन ते सहा वर्षांचं मूल. त्याहून लहानांना घरी न्यायचा शिधा मिळतो, आणि घरी गेलेल्या पाकिटात किती वाटेकरी असतात ते काय सांगायचं. तीन वर्षांखालचं पोर काखेतलं, त्याला रोज केंद्रावर आणणार कोण? अडचण समजते. पण तारीख नेमकी उलटी पडली आहे.

आणि हो, बायका. लहानपणी आतोले मिळालेल्या मुली शाळा सरासरी वर्षभर जास्त शिकल्या. कमाई मात्र वाढली नाही, ती फक्त पुरुषांची. त्यांच्या पोटची बाळं जन्मताना फ्रेस्कोवाल्या आयांच्या बाळांपेक्षा ११६ ग्रॅमने जड भरली.