बँकहेड : तळ्याच्या वाटेवरचे नाहीसे झालेले गाव

भारतातून पाहुणे आले की त्यांना बान्फला न्यायचे, हा आपल्या कॅलगरीकर मराठी मंडळींचा ठरलेला कुळाचार आहे. पोह्यांचा डबा, थर्मासमध्ये चहा, मागच्या सीटवर स्वेटरांचे गाठोडे. बान्फ झाले की मिनेवांका तळे. त्या तळ्याच्या रस्त्याला लागल्यावर थोड्याच अंतरावर ‘लोअर बँकहेड’ अशी पाटी येते. आम्ही कितीतरी वर्षे त्या पाटीवरून गाडी हाकत पुढे गेलो. एकदा पावसाने तळ्याचा बेत बुडवला म्हणून तिथे थांबलो, आणि तेव्हा कळले की आपण इतकी वर्षे एका अख्ख्या गावावरून जात होतो.

१९०३ साली कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने आपल्या इंजिनांच्या कोळशासाठी कॅस्केड डोंगराच्या पायथ्याशी हे गाव वसवले. शेजारी ‘अँथ्रासाइट’ नावाचे आणखी जुने खाणगाव होते, मुख्य लोहमार्गावरचे. ते १८८६च्या सुमारास सुरू झाले आणि १९०४मध्ये संपले. एक गाव विझले आणि दुसरे पेटले म्हणा ना. मुख्य मार्गापासून बँकहेडपर्यंत फाटा टाकला, तिथे स्टेशन झाले. हजाराच्या आसपास वस्ती. शाळा, चर्च, बेकरी, नळाचे पाणी आणि विजेचे दिवे! बान्फच्या हॉटेलांना वीज मिळाली ती या खाणीच्या वीजघरातून. राष्ट्रीय उद्यानात कोळशाची खाण, हे आज ऐकून आपण कानांवर हात ठेवू. पण त्या वेळचे उद्यानाचे अधिकारी उलट म्हणत होते की प्रवाशांना बघायला ही आणखी एक गंमत झाली.

खाणीची रीत जरा वेगळी होती. खोल विहिरीसारखे खाली न उतरता डोंगराच्या पोटात शिरून वरच्या अंगाला खणत जायचे, म्हणजे कोळसा आपल्या वजनानेच घसरत खाली येई. कोळसा चांगला, पण ठिसूळ. निम्म्याची भुकटीच व्हायची. मग पेनसिल्व्हेनियाहून डांबर आणून त्या भुकटीचे गोळे पाडायचा कारखाना काढला. आमच्यातल्या एका काकूंना हे वाचून हसू आले. त्यांची आजी शेगडीसाठी कोळशाच्या चुऱ्यात शेणमाती कालवून गोळे वळायची आणि पत्र्यावर वाळत घालायची. तिला डांबर अमेरिकेहून मागवावे लागत नव्हते, एवढाच फरक.

स्कॉटलंड, इटली, पोलंड, युक्रेन अशा कुठून कुठून माणसे आली. चिनी कामगारही आले. त्यांच्या वाट्याला कोळसा निवडण्याचे वरचे काम, इतरांहून कमी पगार, आणि राहायला गावाबाहेर, खाणीच्या राडारोड्याच्या ढिगाऱ्यांमागे झोपड्या. बँकहेड वसले त्याच १९०३ साली सरकारने चिनी माणसावरचा डोईपट्टीचा कर शंभरावरून पाचशे डॉलर केला होता. बायकामुलांना आणायचे कुठून? पुढे १९२३मध्ये तर दारच बंद केले, ते १९४७पर्यंत. आपल्या लोकांसाठी १९०८चा ‘न थांबता थेट प्रवासा’चा नियम होताच, आणि १९१४ची ‘कोमागाता मारू’ आपल्याला ठाऊक आहे. गावाबाहेर वस्ती, हे शब्द आपल्या मराठी कानांना नवे नाहीत. पाटीवर ते इंग्रजीत वाचले आणि आमच्यात जरा शांतता पसरली.

महायुद्धानंतर मागणी घटली, खर्च परवडेना, संप होत राहिले. १९२२मध्ये कंपनीने खाण बंद केली. त्यानंतरच्या चारपाच वर्षांत गाव अक्षरशः उचलून नेले. घरे बान्फला आणि कॅनमोरला गेली, काही कॅलगरीला आली. चर्चही कॅलगरीला गेले, पायऱ्या तेवढ्या राहिल्या. आज त्या पायऱ्या चढून गेलात तर वर फक्त गवत आहे. १९३०च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानांत खाणी काढायलाच बंदी आली.

फाटा गेला, बँकहेडचे स्टेशन गेले, अँथ्रासाइटचेही गेले. कॅनमोरची खाण १९७९ला बंद पडली. आणि आपल्यातले जे सत्तरच्या दशकात इथे आले, त्यांनी कॅलगरीहून बान्फला रोजच्या गाडीने प्रवास केला आहे. ती ‘कॅनेडियन’ गाडी जानेवारी १९९०मध्ये या मार्गावरून उठली. बान्फचे स्टेशन उभे आहे, पण आता तिथे थांबतात त्या हौशी प्रवाशांच्या महागड्या गाड्या.

चंद्रपूरकडच्या मंडळींना इथे वरोरा आठवेल. तिथली कोळशाची खाण १९०६ला बंद झाली. पण रेल्वे राहिली, गाव राहिले, आणि पुढे त्याच वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचे आनंदवन उभे राहिले. रेल्वे खाणीपुरतीच आली की काय होते, आणि पुढच्या गावांना जोडत गेली की काय होते, याची ही दोन उदाहरणे.

पुढच्या वेळी तळ्याला जाताना इथे तासभर काढा. फिरायची वाट सोपी आहे, आजीआजोबांनाही जमेल. वाटेत भिंतींचे पाये, दिवाघराचा चौथरा आणि काळे ढिगारे दिसतील. चिनी वस्ती होती तिथे उन्हाळ्यात रुबार्बची रुंद पाने दिसतात. त्या माणसांनी लावलेला रुबार्ब शंभर वर्षांनंतरही आपोआप उगवतो. मुलांना दाखवा, पण तोडू देऊ नका. उद्यानाचा नियम आहे, आणि पाने विषारीही असतात.