डाळिंबाच्या रोपामागचा पैसा

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर हा पट्टा डाळिंबाचा. पण सोलापूरच्या या बागांचं मूळ पुण्यात सापडतं. गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात १९३६ साली डॉ. जी. एस. चीमा यांनी 'आळंदी' वाणाच्या रोपांतून एक सरस झाड निवडलं. पुढे १९७० मध्ये त्याला 'गणेश' हे नाव मिळालं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने गणेशचा 'गुल-ए-शाह रेड'शी संकर केला आणि त्याच्या पुढच्या पिढीतून 'भगवा' निवडला. तो २००३च्या सुमारास शेतकऱ्यांच्या हाती आला.

म्हणजे जवळपास सात दशकं! या संशोधनाचा सगळा खर्च सरकारी तिजोरीने सोसला. लागवडीलाही तिचाच हात लागला. १९९०पासून रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळू लागलं आणि दुष्काळी माळरानावर डाळिंब पसरलं.

खासगी भांडवलाला या धंद्यात जागा मिळाली ती एका रोगामुळे. डाळिंबाची रोपं बनत गुटी कलमाने: फांदीची साल गोलाकार काढायची, ओलं शेवाळ बांधायचं, मुळं फुटली की कापून पिशवीत लावायची. स्वस्त काम, कुठल्याही रोपवाटिकेला जमणारं. मात्र मातृवृक्षाला तेल्या हा जिवाणूजन्य रोग असेल, तर गुटीबरोबर तोही नव्या बागेत जातो. या जिवाणूने २०००नंतर बागाच्या बागा बसवल्या. सोलापूरजवळ केगावला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभं राहिलं, तेव्हा तेल्या हाच बागायतदारांचा मोठा घोर होता.

निरोगी रोपासाठी उतिसंवर्धनाचा, म्हणजे कोंबापासून बाटलीत रोप वाढवण्याचा, मार्ग होता, पण डाळिंब त्यात अवघड. कापलेल्या कोंबातून फिनॉल पाझरतात आणि बाटलीतला कोंब काळा पडून मरतो. त्यावर तोड काढायला निर्जंतुक प्रयोगशाळा आणि वर्षानुवर्षं पुरणारा पैसा लागतो. साध्या रोपवाटिकेला तो कुठून परवडणार? जळगावच्या जैन इरिगेशन या खासगी कंपनीकडे केळीच्या उतिसंवर्धित रोपांचा अनुभव होता. त्यांनी भगव्याची उतिसंवर्धित रोपं बाजारात आणली. याही विद्येची पायाभरणी सार्वजनिक पैशावर झालेली: केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९८९ मध्येच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उतिसंवर्धनाचं केंद्र उभारलं होतं.

एक गोष्ट मात्र विक्रेत्याने शेतकऱ्याला स्पष्ट सांगायलाच हवी. उतिसंवर्धित रोप निरोगी निघतं, पण रोगप्रतिकारक नसतं. शेजारच्या बागेत तेल्या असेल, तर पावसाच्या थेंबांबरोबर तो इथेही येतो.

संशोधनातून कंपनी काढू पाहणाऱ्या तरुणाला आता 'बायरॅक' या २०१२ साली स्थापन झालेल्या सरकारी संस्थेचं दार उघडं आहे. तिच्या 'बिग' योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, मुदत दीड वर्षाची. निदान संच किंवा जैविक औषधाचा पहिला नमुना तेवढ्यात तयार होऊ शकेल. पण डाळिंबाच्या नव्या रोपावर पहिला बहार धरायलाच दोन वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे नव्या वाणाचं काम अजूनही केगाव-राहुरीसारख्या संस्थांवरच येऊन पडतं. भरपूर लोह असलेला 'सोलापूर लाल' २०१७ मध्ये आला, तोही केगावमधूनच.